गुणपत्रिका कोणत्या शाळेची?



लॉस एंजेलिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे, म्हणजे यूसीएलएकडे, अलीकडच्या वर्षांत पदवीच्या पहिल्या वर्षासाठी सुमारे १ लाख ४५ हजार अर्ज येतात. त्यांतल्या शंभरापैकी नऊ जणांना होकार मिळतो. उरलेल्या एक्क्याण्णवांतही हुशार, कष्टाळू मुले भरपूर असतात. फ्रीमाँट, कुपर्टिनो, सॅन होजे या भागांत स्थिरावलेल्या मराठी घरांत मार्च महिन्यात दुसरा विषय नसतो, आणि त्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते: आमच्या मुलाला गुण जास्त होते, तरी त्याला डावलले. पुण्या-मुंबईतल्या घरांतही जून-जुलैमध्ये हेच ऐकू येते. मला आज या तक्रारीतल्या ‘जास्त’ या शब्दाकडे लक्ष वेधायचे आहे. कशाहून जास्त, आणि कुठे मिळवलेले? माझे म्हणणे असे की सार्वजनिक विद्यापीठाने विद्यार्थ्याचे गुण तो ज्या शाळेत शिकला त्या शाळेसकट वाचले पाहिजेत, आणि असे वाचता यावे म्हणून शाळेबाहेरचे एखादे समान मोजमापही हाताशी ठेवले पाहिजे. कॅलिफोर्नियाने यातली पहिली गोष्ट चाळीस वर्षांच्या झगड्यातून साधली. दुसरी गोष्ट मात्र २०२० मध्ये सोडून दिली. या दोन निर्णयांचे परिणाम आता मोजून दिसू लागले आहेत, म्हणून हे उदाहरण मी निवडले.

आरंभ १९६० पासून करावा लागेल. त्या वर्षी कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा एक बृहत् आराखडा कायद्याने स्वीकारला. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क केर हे त्याचे मुख्य शिल्पकार. ते अर्थशास्त्रज्ञ होते आणि आकड्यांत विचार करणारे होते. आराखड्याने तीन स्तर ठरवले. राज्यातल्या सरकारी शाळांतून बारावी होणाऱ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के, म्हणजे आठांतला एक, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाला पात्र. वरचे एकतृतीयांश हे राज्य महाविद्यालयांना पात्र. आणि शिकण्याचा फायदा घेऊ शकेल अशा प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेजचे दार खुले, तिथे दोन वर्षे चांगली काढली की विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला बदली. ही बदलीची वाट कागदावरची शोभा नव्हती. आजही विद्यापीठ पहिल्या वर्षाला घेतलेल्या दर दोन विद्यार्थ्यांमागे एक विद्यार्थी बदलीने घेण्याचे लक्ष्य ठेवते. सतराव्या-अठराव्या वर्षी ज्याचे चुकले त्याला विसाव्या वर्षी पुन्हा संधी मिळते. आपल्याकडे एका परीक्षेच्या निकालावर माणसाचे पुढचे सगळे ठरते, ते पाहता या एका तरतुदीचे मोल फार मोठे आहे.

या आराखड्यातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याने पात्रता आणि निवड वेगळी केली. पात्रता म्हणजे राज्याने दिलेला शब्द: इतके केलेस तर तुला या विद्यापीठात कुठे ना कुठे जागा मिळेल. निवड म्हणजे विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर की रिव्हरसाइडच्या, हा पुढचा प्रश्न. पात्रतेचे निकष कुणालाही वाचून कळतील असे होते आणि अजून आहेत. शाळेत नववी ते बारावीत ठरावीक पंधरा वार्षिक विषय घ्यायचे: चार वर्षे इंग्रजी, तीन वर्षे गणित, दोन वर्षे प्रयोगासह विज्ञान, दोन वर्षे इतिहास आणि समाजशास्त्रे, दोन वर्षे परभाषा, एक वर्ष कला, एक ऐच्छिक. त्यांत ‘सी’च्या खाली ग्रेड नको. राज्यातल्या विद्यार्थ्याची सरासरी चारपैकी किमान तीन हवी, राज्याबाहेरच्याची किमान ३.४. सरासरी धरताना दहावी आणि अकरावीचेच गुण मोजतात, नववीचे नाही. नव्या शाळेत रुळायला मुलाला एक वर्ष मिळते. नियम करणाऱ्याने मुलांकडे नीट पाहिले आहे, असे हे बारीक कलम वाचताना वाटते.

मात्र शब्द पाळायला जागा लागतात. १९६५ मध्ये अर्व्हाइन आणि सांताक्रूझ ही कॅम्पस सुरू झाली. त्यानंतर पदवीच्या शिक्षणासाठी नवे कॅम्पस निघायला २००५ साल उजाडले, ते मर्सेड. १९६० मध्ये राज्याची लोकसंख्या दीड कोटीच्या थोडी वर होती, आज ती चार कोटींच्या जवळ आहे. सत्तरच्या दशकापासून बर्कलीकडे आणि मग लॉस एंजेलिसकडे जागांपेक्षा पात्र विद्यार्थी जास्त येऊ लागले आणि ‘पात्र’ माणसाला ‘नाही’ म्हणण्याची पाळी आली. तिथून निवडीचे खरे राजकारण सुरू झाले. डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरपैकी सोळा जागा अल्पसंख्याक गटांसाठी बाजूला ठेवल्या होत्या. ॲलन बाकी या अर्जदाराने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा बेकायदा ठरवल्या. वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून पाहायला मात्र मुभा ठेवली. ती मुभाही कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर १९९६ मध्ये प्रस्ताव क्रमांक २०९ मंजूर करून काढून घेतली. १९९८ च्या तुकडीला तो पहिल्यांदा लागू झाला आणि बर्कलीत प्रवेशाचा होकार मिळालेल्या कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थ्यांची संख्या एका वर्षात निम्म्याच्या आसपास आली.

विद्यापीठापुढे तेव्हा अवघड पेच होता. वंश पाहायचा नाही, आणि सगळ्या राज्याची मुले तर वर्गात हवीत; कारण पैसा सगळ्या राज्याचा. हा मुद्दा आपल्याला नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हेच सांगितले होते: सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर. सार्वजनिक विद्यापीठाच्या प्रवेशाचा प्रश्न खाजगी विद्यापीठाहून वेगळा का, याचे याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने शोधलेला मार्ग असा: २००१ पासून राज्यातल्या प्रत्येक शाळेतले वरचे चार टक्के विद्यार्थी, राज्यभराच्या क्रमवारीत ते कुठेही बसोत, विद्यापीठाला पात्र. २०१२ पासून हे प्रमाण नऊ टक्के झाले. म्हणजे पात्रतेची दोन दारे झाली. राज्यातल्या सगळ्यांशी तुलना करून जो वर येतो तो एका दाराने येतो. जो आपल्या शाळेतल्या सोबत्यांत वर येतो तो दुसऱ्या दाराने.

दुसऱ्या दाराची गरज का, हे समजायला त्याच सुमारास गाजलेला एक खटला पाहावा. विद्यापीठ ‘एपी’ या प्रगत विषयांना जादा वजन देते. साध्या विषयातल्या ‘ए’ला चार गुण, तर एपीतल्या ‘ए’ला पाच. त्यामुळे चारपैकी सरासरी चारच्या वर जाऊ शकते. लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूड हायस्कूलमध्ये असे विषय अगदी मोजके होते. तिथून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर असलेल्या बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत ते त्याच्या कितीतरी पट होते. इंगलवूडच्या विद्यार्थ्यांच्या वतीने १९९९ मध्ये राज्यावर दावा लावला गेला. दाव्याचा गाभा साधा होता: आमच्या शाळेत जो विषय शिकवलाच जात नाही, त्यात आम्ही गुण कुठून आणायचे? या प्रश्नाला गुणवत्तेच्या कुठल्याही कट्टर पुरस्कर्त्याकडे उत्तर नाही. ४.० आणि ४.४ हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुसरा मोठा दिसतो. पण पहिल्या मुलीने तिच्या शाळेत उपलब्ध असलेले दोनही एपी विषय घेतले असतील आणि दुसऱ्या मुलाने उपलब्ध वीसपैकी सहा, तर कुणी हात आखडता घेतला ते आकडा सांगत नाही. विद्यापीठाने जादा गुणांवर आठ सत्रांची कमाल मर्यादाही घातली आहे. आणि अर्ज वाचणाऱ्याच्या समोर आज विद्यार्थ्याच्या गुणांसोबत त्याच्या शाळेचीही माहिती असते: तिथे किती प्रगत विषय आहेत, त्याच शाळेतून अर्ज करणारे बाकीचे कसे आहेत. सोबत विद्यार्थ्याने दिलेली चार उत्तरे असतात, आठ प्रश्नांतून निवडलेली, प्रत्येकी जास्तीत जास्त साडेतीनशे शब्दांची. त्यांतला एक प्रश्न विचारतो की तुझ्यासमोरचा सर्वांत मोठा अडथळा कोणता होता आणि त्याचा तुझ्या अभ्यासावर काय परिणाम झाला. बर्कलीतला वाचक हे सगळे एकत्र वाचतो आणि मग मत देतो.

याला पहिला आक्षेप असा, की कमकुवत शाळेतून पहिला आलेला मुलगा मोठ्या कॅम्पसवर टिकणार नाही. त्याच्यावर दया केल्यासारखे दाखवून आपण त्याचे नुकसानच करतो. हा आक्षेप वरवरचा नाही आणि तो मांडणारे सगळे वाईट हेतूचे नाहीत. सुदैवाने तो तपासता येतो, कारण चार टक्क्यांची रेषा स्पष्ट होती. रेषेच्या जरा वर असलेले आणि जरा खाली राहिलेले विद्यार्थी जवळजवळ सारखेच. एकाला मोठ्या कॅम्पसचे दार उघडले, दुसऱ्याला नाही. झॅकरी ब्लीमर या अर्थशास्त्रज्ञाने या दोन गटांचा पुढच्या वर्षांतला माग काढला. कमकुवत शाळांतून या वाटेने मोठ्या कॅम्पसवर गेलेल्या विद्यार्थ्यांचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण वाढले आणि नोकरीतली कमाईही वाढली. प्रस्ताव २०९ वरच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासाने उलट बाजू दाखवली: ज्यांना कमी निवडक महाविद्यालयांकडे ढकलले गेले, त्यांच्या पदव्याही कमी झाल्या आणि पगारही. ‘झेपणार नाही तिथे पाठवू नका’ या युक्तिवादाला या आकड्यांत आधार सापडत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. अर्ज समग्रपणे वाचायचा म्हणजे वाचणाऱ्याच्या हातात विवेक द्यायचा, आणि विवेक दिला की वशिला येतो. कॅलिफोर्नियात हे घडले. राज्याच्या लेखापरीक्षकांनी सप्टेंबर २०२० च्या अहवालात दाखवून दिले की २०१३ ते २०१९ या काळात चार कॅम्पसवर ६४ अर्जदारांना ओळखीपाळखीच्या आणि देणगीदारांच्या नात्यातून अयोग्यरीत्या प्रवेश दिला गेला. काहींना तर एखाद्या खेळात फारशी गती नसतानाही त्या खेळाचे खेळाडू म्हणून. लाखो अर्जांत ६४ ही संख्या लहान आहे असे म्हणून हा विषय मिटवणे मला पटत नाही. ज्या मुलीचे आई-वडील दुसऱ्यांची घरे झाडतात तिला ही बातमी कळते तेव्हा ती टक्केवारी काढत बसत नाही. पण या घोटाळ्याचे स्वरूप नीट पाहिले तर दिसते की फसवणूक शाळेचा संदर्भ वाचण्यातून झालेली नव्हती. ती झाली खेळाडूंच्या वेगळ्या यादीतून आणि वरून आलेल्या शब्दातून, म्हणजे जिथे कुणाचे वाचन तपासले जात नव्हते अशा जागी. दोन वाचकांनी स्वतंत्रपणे वाचणे, वाचकाला अर्जदाराची ओळख न कळू देणे, खेळाडूच्या दाव्याची बाहेरून खातरजमा करणे हे उपाय कारकुनी वाटतात, पण विश्वास त्यांच्यावरच टिकतो. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देणे या विद्यापीठाने नव्वदच्या दशकातच बंद केले होते. २०२४ मध्ये राज्याने खाजगी विद्यापीठांनाही ते आणि देणगीदारांचे झुकते माप कायद्याने मना केले.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येतो. शाळेचे गुण शाळेसकट वाचायचे, तर शाळा कशी आहे हे कळायला हवे, आणि शाळेने दिलेल्या ग्रेडला काय अर्थ आहे हेही. हे काम अनेक दशके एसएटी ही परीक्षा करत होती, आणि वाईट प्रकारे करत होती. तिचे गुण कुटुंबाच्या उत्पन्नाशी आणि आई-वडिलांच्या शिक्षणाशी घट्ट बांधलेले असतात, आणि तिच्या तयारीच्या क्लासेसचा धंदा तिथेही मोठा आहे. विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन, जे स्वतः मानसशास्त्रज्ञ होते, यांनी २००१ मध्ये ही परीक्षा सोडावी असे जाहीरपणे सुचवले, कारण ती शिकलेले काय ते न मोजता धूसर ‘क्षमता’ मोजते. त्यांच्या दबावामुळे परीक्षेचे स्वरूप २००५ मध्ये बदलले. पुढे प्राध्यापकांच्या एका कार्यगटाने वर्षभर आकडे तपासून जानेवारी २०२० मध्ये अहवाल दिला, आणि त्याचा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. विद्यार्थी पहिल्या वर्षी कसा करेल हे शाळेच्या सरासरीपेक्षा परीक्षेचे गुण चांगले सांगत होते, आणि गरीब घरांतल्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते विशेष खरे होते. शिवाय विद्यापीठ ते गुण शाळेच्या संदर्भात वाचत असल्यामुळे परीक्षेतली असमानता बऱ्याच अंशी भरून निघत होती. प्राध्यापकांच्या सभेने एकाही विरोधी मताशिवाय हा अहवाल उचलून धरला. मे २०२० मध्ये विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या रीजंट्सच्या मंडळाने एकमताने त्याच्या उलट निर्णय घेतला. परीक्षा गेली. परीक्षेविरुद्धच्या दाव्यात न्यायालयात झालेल्या तडजोडीने तिचे परतणेही अवघड झाले.

रीजंट्सचा हेतू चांगला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण परिणाम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन डिएगो कॅम्पसच्या समितीने मांडला आणि तो वाचून मन खिन्न होते. २०२० ते २०२५ या पाच वर्षांत हायस्कूलच्या पातळीचे गणितही न येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या जवळजवळ तीसपट झाली. नव्या तुकडीतल्या आठांपैकी सुमारे एकजण त्यात मोडतो. या मुलांसाठी विद्यापीठाला पहिली ते आठवीचे गणित शिकवणारा वर्ग चालवावा लागला. यातल्या अनेकांच्या शाळेच्या गुणपत्रिकेवर गणितात उत्तम ग्रेड होती. ही मुले खोटे बोलली नव्हती. त्यांच्या शाळेने त्यांना सांगितले होते की तुम्हाला गणित येते. समितीने कारणे एकच दिली नाहीत: महासाथीतली बंद शाळा, ग्रेडची चढती भाजणी, परीक्षा काढून टाकणे, आणि साधने कमी असलेल्या शाळांतून जास्त मुले घेणे. या शेवटच्या कारणाचा आधार घेऊन काहीजण म्हणतात, पाहा, शाळेचा संदर्भ वाचण्याचे फळ हे. मला तसे वाटत नाही. शाळेचा संदर्भ २००१ पासून वाचला जात होता आणि अशी पडझड झालेली नव्हती. २०२० नंतर संदर्भ राहिला आणि ज्या गोष्टीचा संदर्भ लावायचा तीच हरवली. इंगलवूडसारख्या शाळेतल्या दोन मुलींना सारखीच ‘ए’ ग्रेड असताना, एकीला बीजगणित खरोखर येते आणि दुसरीला येत नाही, हे ओळखायचे साधन वाचकाकडे उरले नाही. त्यात सर्वांत जास्त नुकसान झाले ते गणित येणाऱ्या मुलीचे, कारण तिच्या शाळेच्या नावावर कुणाचा भरवसा नसतो. डार्टमथ कॉलेजने २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा आणली ती याच कारणाने: आपले गुण कमी आहेत असे समजून गरीब घरांतली मुले ते लपवत होती, आणि त्यांच्या शाळेच्या मानाने ते गुण लखलखीत होते.

गुण संदर्भासह वाचण्याच्या वाटेवर महाराष्ट्रानेही एक पाऊल टाकून पाहिले आहे. वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका मापात आणावेत म्हणून २००८ मध्ये अकरावीच्या प्रवेशासाठी पर्सेंटाइलचे सूत्र आले, ते उच्च न्यायालयात टिकले नाही. पुढच्या वर्षी राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठीचा नव्वद-दहाचा कोटाही रद्द झाला. प्रश्न खरा होता. चुकली ती मांडणी: मंडळ हा शाळेचा संदर्भ धरला गेला, आणि मुंबईतली श्रीमंत राज्य मंडळाची शाळा व मेळघाटातली आश्रमशाळा एकाच खान्यात पडल्या.

कॅलिफोर्नियाकडे समान मोजमाप हरवल्याच्या पेचातून बाहेर पडायचा मार्ग तयार आहे आणि तो फुकट आहे. राज्यातल्या सरकारी शाळांमधले अकरावीचे विद्यार्थी दरवर्षी राज्याची ‘स्मार्टर बॅलन्स्ड’ परीक्षा देतातच. ती शाळेत शिकवलेल्या अभ्यासक्रमावर असते, तिला फी नाही, तिच्यासाठी शनिवारी पहाटे उठून परगावच्या केंद्रावर जावे लागत नाही. २०२१ मध्ये विद्यापीठाने तीही प्रवेशासाठी वापरायची नाही असे ठरवले. वापरली तर तिच्यावरही क्लासेसची सावली पडेल आणि असमानता तशीच दिसेल, असे कारण दिले. असमानता दिसेल हे खरे. पण ती परीक्षेने निर्माण केलेली नसते, आणि दिसली तरच प्रत्येक शाळेतल्या वरच्या नऊ टक्क्यांच्या नियमाला तिची भरपाई करता येते. त्या परीक्षेचा गुण त्याच शाळेच्या सरासरीशेजारी छापून वाचकासमोर ठेवावा, किमान गणितासाठी, आणि सॅन डिएगोपासून सुरुवात करावी. ज्यांचे गणित कच्चे निघेल पण बाकी सगळे पक्के असेल, त्यांना ‘नाही’ म्हणण्याऐवजी कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षे आणि तिसऱ्या वर्षाची लेखी हमी द्यावी. १९६० च्या आराखड्यात ती वाट आखलेलीच आहे.